कडीशेजारचं भोक

शुक्रवार, १ ऑगस्ट

बाथरूमच्या दारातलं भोक मोठं झालं आहे.

भोक जुनंच आहे. आतल्या कडीच्या जरा खाली, पूर्वीच्या हँडलचा बोल्ट काढल्यावर उरलेलं, पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. कुणीतरी कधीतरी त्यात साबणाचा तुकडा कोंबला होता. आज साबण नव्हता आणि माझी करंगळी पेराएवढी आत गेली. जुनं लाकूड काळपट पडतं, इथे कडा पिवळ्या दिसत होत्या. फरशीवर भुसा नव्हता, म्हणजे कुणीतरी झाडून घेतला आहे.

बाहेर आल्यावर दिसलं की दाराला नवा खिळा ठोकला आहे आणि बरोबर भोकावर येईल असा एक नॅपकिन टांगलेला आहे. मी आत जाताना तो होता का, आठवत नाही. आठवायला हवं होतं.

आज सुट्टी. आमच्या एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून मी घरी. घरात तिघंच: श्रीपाद आठल्ये, त्यांची बायको हेमाकाकू आणि मागच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून मी. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, काकू शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी लग्न होऊन ठाण्याला, वर्तकनगरला. काकांनी मला ठेवून घेतलं तेव्हा म्हणाले होते, "भाड्यासाठी नाही गं, घरात सोबत हवी." तेव्हाच मला ते वाक्य खटकलं होतं. डोंबिवलीत भाड्यासाठी नाही असं कोण खोली देतं?

एवढीच नोंद. निष्कर्ष काढलेला नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

काका पेपर आणायला खाली गेले तेव्हा व्हर्नियर लावला. आडवं अकरा मिलिमीटर, उभं तेरा. ड्रिलचं भोक गोल येतं, हे गोल कानशीने घासलेलं आहे आणि घासणाऱ्याला हाताची सवय नाही. आतल्या बाजूला प्लायची सालं निघाली आहेत, म्हणजे हत्यार बाहेरून आत आलं. टूलरूमच्या इन्स्पेक्शनला मी दिवसभर हेच करते. भोकाची कड बघून सांगते की कोणत्या बाजूने, कशाने, किती घाईत.

हे घाईत केलेलं नाही. रोज थोडं थोडं केलेलं आहे.

दिव्याला, आईबाबांकडे, आमच्या मजल्यावर चार खोल्यांत एक बाथरूम होतं, पत्र्याच्या दाराचं. त्याला खिळ्याचं एक भोक होतं. मी दहावीत असताना ते मोठं झालं. आईला सांगितलं तर तिने आतून साबणाचा कागद चिकटवला आणि म्हणाली, "गप राहा. बोललीस तर लोक तुझ्याकडेच बघतील." कागद ओला होऊन पडायचा. मी पुढची दोन वर्षं अंधारात आंघोळ केली. हे इथे लिहायचं कारण एवढंच की भोक आपोआप मोठं होत नाही हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

काकांनी विचारलं, "संचिता, तुझी आंघोळ साधारण किती वाजता होते?"

"का?"

"काही नाही. हिची वेळ आणि तुझी वेळ एक यायला नको."

"सहाला. तुम्हाला माहीत आहे काका, गीझर तुम्हीच लावता."

"हो, हो. शुक्रवारी उशीर होतो ना तुला, म्हणून विचारलं."

माझ्या वेळा त्यांना नीट माहीत करून घ्यायच्या आहेत.

काकूंना काही विचारून उपयोग नाही, निदान सकाळी. आषाढीपासून त्यांचा चातुर्मासाचा नेम आहे: झोपेतून उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन. चहा हवा का, तर मान. गॅस संपला, तर बोट. पूजेची घंटा वाजली की मग जे साठलेलं असतं ते सगळं एकदम बाहेर पडतं, त्यात माझ्या ओल्या केसांपासून वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांपर्यंत सगळं येतं. इतक्या वर्षांत एकदाही नेम मोडला नाही म्हणतात. शाळेत असतानासुद्धा. कधी पूजा राहिली तर मुलांना फळ्यावर लिहून शिकवायच्या.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज पाहिलं.

माझी आंघोळ लवकर उरकली आणि खोलीचं दार बोटभर उघडं ठेवून बसले. काकू आत गेल्या. कडीचा आवाज आला. काका पॅसेजमध्ये आले, नॅपकिन काढून खांद्यावर टाकला आणि तिथेच उभे राहिले. पेपर हातात, पण पेपर उलटत नव्हते. मान दाराकडे. आतून पाण्याचा आवाज थांबला तेव्हा ते वाकले आणि भोकाला डोळा लावला. क्षणभरच. पुन्हा तांब्या वाजला, तसे सरळ झाले आणि पेपर वाचू लागले.

कडी निघायच्या आत नॅपकिन पुन्हा खिळ्यावर.

स्वतःच्या बायकोला बघायला माणूस भोक कशाला पाडेल? तिच्यावर तो सराव करतो. ती बोलत नाही, म्हणून ओरडणारही नाही.

दुपारी काकू वाटाणे सोलत होत्या, मी शेजारी बसले. मध्येच त्यांचा हात थांबला. शेंग बोटांत, नजर भिंतीवर. मी म्हटलं, "काकू?" उत्तर नाही. जरा वेळाने त्यांनी ओठ चाटले आणि मी काहीच विचारलं नव्हतं अशा थाटात शेंग सोलली. मनात काहीतरी घोळतंय त्यांच्या. आपल्या नवऱ्याबद्दल त्यांना काय काय माहीत असेल?

मंगळवार, १२ ऑगस्ट

शनिवारी भोकात आतून कागदाची घट्ट गुंडाळी बसवली आणि वर चिकटपट्टी लावली. रविवारी होती. काल नव्हती. चिकटपट्टीसुद्धा नखाने सोलून काढलेली.

आता भोक अठरा मिलिमीटर झालंय आणि काटकोनात नाही. बाहेरून आत जाताना वरच्या बाजूला, कडीच्या दांड्याकडे झुकतं. न्हाणीची जागा खाली आणि डावीकडे आहे. बघायचं असेल तर उतार उलटा हवा. अडाणी काम. कानस कशी धरायची तेही माहीत नाही.

नॅपकिन मात्र चुकत नाही. मी आत जाते तेव्हा तो असतोच, हे आता नक्की आहे, मी आत जायच्या आधी बघते. मी आत असताना आतून बोट घालून पाहिलं, कापडच लागलं. दर वेळी. म्हणजे अजून धीर होत नाही त्यांना. किंवा मी निर्धास्त व्हावं अशी वाट बघतायत.

रविवार, १७ ऑगस्ट

काकूंच्या कोपराला हिरवंनिळं झालंय, हातभर. पदर ओढून घेतला. जेवताना म्हणाल्या जीभ चावली गेली, तिखट लागत नाही. या महिन्यात दुसऱ्यांदा. एखाद्याची जीभ कधी चावली जाते? तोंडात मारलं की.

काकांनी त्यांच्या ताटात दहीभात कालवून दिला. सगळ्यांसमोर फार प्रेम.

आतल्या खोलीतून काका फोनवर बोलत होते, मुलीशी. "नाही गं, आई मस्त आहे. झोपली आहे आत्ता. नको, तू कशाला येतेस धावपळ करून." काकू त्या वेळी झोपल्या नव्हत्या, बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होत्या. इतक्या सहज खोटं बोलता येतं त्यांना.

बुधवार, २० ऑगस्ट

भावनाला सांगितलं. ती आमच्या डिझाइनला बसते, कोपरीहून येते आणि कुठल्याही गोष्टीवर पाच मिनिटांत मत देते.

"अगं सोड ना ते घर. काय मोजत बसलीयस?"

"पुरावा लागतो."

"पुरावा कोर्टाला. तुला कशाला? म्हातारा ठरकी आहे, विषय संपला."

"आणि काकू?"

"त्या काय तुझ्या कोण लागतात?"

काकू डब्यात रोज भाजीबरोबर एक खोबऱ्याची वडी ठेवतात आणि रिकामा डबा स्वतः घासत नाहीत, मला घासायला लावतात. त्या माझ्या कोण लागतात ते मला माहीत नाही.

"चार दिवस माझ्याकडे ये," भावना म्हणाली. "आई तुला खायला घालून मारेल, पण दाराला भोकं नाहीत आमच्या."

दिव्याला परत जायचा प्रश्नच नाही. माझ्या भावाचं, सुशांतचं लग्न झालं, एका खोलीत ते दोघं आणि पडद्याच्या अलीकडे आईबाबा. मला स्वतःचं दार असलेली जागा हवी होती. ती मिळाली होती.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

चहाच्या वेळी दोघांसमोर बोलले. मुद्दाम दोघांसमोर.

"काका, बाथरूमच्या दाराला भोक आहे."

काकूंची बशी हलली. काका म्हणाले, "जुनंच आहे ते."

"मोठं झालंय."

"पावसात लाकूड फुगतं, सरकतं. जुना दरवाजा."

"फुगलेल्या लाकडाला कानशीच्या रेघा नसतात."

काका हसले. "हिच्यापुढे बोलायची सोय नाही." मग काकूंकडे बघितलं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "हवा खेळती राहते जरा," ते म्हणाले. "आत कोंदट होतं. आणि तू असताना मी तिथे नॅपकिन लावतो ना, तुला काही त्रास..."

त्यांचे कान लाल झाले होते. नॅपकिन आपण लावतो हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

काकू उठल्या आणि आत निघून गेल्या. आतून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

शनिवार, ३० ऑगस्ट

दीड दिवसाच्या गणपतीला दिव्याला जाऊन आले. पाणी नव्हतं, बाकी सगळं होतं. आई म्हणाली, "म्हातारा-म्हातारी चांगली आहेत ना?" मी हो म्हटलं.

परत आले तर भोकाला बाहेरून खळगा. वाटीसारखा, पटाशीने कोरलेला, अर्ध्या जाडीपर्यंत. मधलं भोक तेवढंच ठेवून बाहेरची कड खाली नेली आहे. आम्ही याला रिसेस म्हणतो. बोल्टचं डोकं आत बसवायचं असतं तेव्हा करतात. भावनाला फोटो पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: "मोबाइलचा कॅमेरा टेकवायला. निघ तिथून."

मी खळग्यात माझं बोट घालून पाहिलं. पूर्ण आत जातं आणि टोक कडीच्या दांड्याला लागतं. म्हणजे कॅमेरासुद्धा तेवढाच आत, पार कडीपर्यंत पोचेल.

संध्याकाळी काका देवळात गेल्यावर काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"तुला येतं ना गं हे काम?"

"कोणतं?"

"ते दार. बुजवून टाक. निघणार नाही असं."

मी विचारलं, "काका काय म्हणतील?"

"त्यांना मी सांगते काय ते. मला तिथे सारखं वाटतं कुणीतरी बघतंय. इतकी वर्षं मी माझी माझी आंघोळ केली. आता हे असं, लहान मूल असल्यासारखं." त्यांचा आवाज जरा चढला, मग त्यांनी तो खाली आणला. "कडी न लावता मी जाणार नाही. बाहेर तू असतेस, कुणी येतं-जातं."

मी सरळच विचारलं. "काकू, ते तुम्हाला मारतात का?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खाटेवर बसावं लागलं. "कोण? हे? झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतात ते."

"मग हाताला काय झालं?"

हसू गेलं. "वय झालं. पडते झडते मधूनमधून. तू लग्न झाल्यावर बघ, नवऱ्याला सगळं सांगायचं नसतं आणि बाकीच्यांना तर काहीच."

अशी उत्तरं बायका देतात हे मला माहीत आहे. मी बुजवते म्हणून सांगितलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

काम झालं. सविस्तर लिहिते, कारण चांगलं झालं.

वाकडं भोक बुजवायचं तर आधी ते गोल करावं लागतं, आणि गोल करायचं तर मोठं. त्यासाठी होल सॉ वापरतात, बांगडीसारखी गोल करवत, मधोमध एक बारीक ड्रिल असतं आणि तेच तिला जागेवर धरून ठेवतं. अडचण अशी की जिथे आधीच भोक आहे तिथे मधल्या ड्रिलला धरायला लाकूडच नसतं. करवत थयथय नाचते आणि दार ओरबाडते. म्हणून भोकात आधी लाकडाचा तुकडा ठोकून बसवला, त्यावर मध्य काढला आणि मग करवत चालवली. अडतीस मिलिमीटरचं स्वच्छ, गोल, काटकोनातलं भोक. खळग्याचं काठाकडचं जेवढं उरलं ते लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने भरलं.

मग सागाच्या फळीतून त्याच मापाची बट्टी, बुचासारखी गोल चकती कापली, घासत घासत अशी केली की हाताने अर्धी जाते आणि पुढे हातोडी लागते. इपॉक्सीने चिकटवली. दोन्हीकडून पॉलिश पेपर. बट्टीच्या मधोमध करवतीच्या ड्रिलचं बारीक भोक राहतं, ते तेवढं लांबीने लिंपलं.

काका त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. काकू मौनात होत्या, स्टूल धरून उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी बट्टीवरून तळवा फिरवला आणि माझ्या डोक्यावरून. कुणी डोक्यावरून हात फिरवलेला मला आवडत नाही. आज बोलले नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

काकांनी पाहिलं. बराच वेळ दारासमोर उभे होते. बट्टीच्या कडेवरून नख फिरवलं.

"तू केलंस?"

"हो."

"सुबक झालंय." मग, "हिने सांगितलं?"

"मला सांगायची गरज नव्हती."

त्यांचा चेहरा पडलेला होता. पकडला गेल्यावर पडतो तसा.

मंगळवार, ९ सप्टेंबर

भिंतीतून ऐकू येतं.

"निदान कडी नको लावूस."

"लावणार."

"मग नेम सोड. निदान आतून एक हूं तरी देत जा."

"देवाचं मी तुमच्यासाठी सोडू?"

"हेमा, मी काय करू सांग. कल्पिताला सांगू?"

"तिला सांगितलंत तर ती घर बंद करून आपल्याला तिकडे नेईल. मग बसा नातवाच्या खोलीत. माझं तोंड बघू नका म्हणेन मी."

मुलीला काय सांगायचं नाही ते मला कळलं नाही. पण त्यांना तिची भीती आहे, दोघांनाही. हे उपयोगी पडेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

दुपार. हॉस्पिटलच्या बाकावर लिहिते आहे.

सकाळी खोलीतून बाहेर आले तर काका बाथरूमच्या दाराशी. दोन्ही तळवे दारावर, कान टेकवलेला. आत नळ वाहत होता.

मी म्हटलं, "काका, बाजूला व्हा."

"श्श. ऐकू दे."

"मला सगळं माहीत आहे. तुम्ही रोज इथे उभे राहता. तुम्ही काय बघता ते मी बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलते आहे ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवलं. मला ते दिसलं.

"संचिता, तांब्या वाजत नाहीये."

"हाक मारा मग."

"मारली. ती बोलत नाही गं. पूजा होईपर्यंत ती बोलत नाही." आणि मग, "फीट येते तिला. दीड वर्ष झालं. बोट घालून कडी काढता यावी म्हणून ते भोक."

दार आत उघडतं. धक्का मारला तर आतल्या माणसावर बसेल. मी खोलीतून ड्रिल आणलं. पेटीतली चौसष्टची करवत लावली. ड्रिलचं टोक बट्टीच्या मध्यावर टेकवलं आणि लांबीतून ते सरळ जुन्या भोकात शिरलं, जराही न सरकता. इतकं सोपं. बट्टी मी बसवली नसती तर करवतीला मध्य सापडला नसता. बट्टी मी बसवली नसती तर करवत लागलीच नसती.

काकांनी भुसा हाताने बाजूला केला. मी हात घातला, कडी सरकवली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. त्यांच्या पायाला अडलं. काका खाली बसले आणि दोन्ही हातांनी दार इंच इंच ढकलत राहिले, "हेमा, पाय घे, पाय घे" म्हणत.

त्या कुशीवर होत्या. गाल मोरीच्या जाळीवर. जाळीवर टॉवेल पडलेला, पाणी तुंबून ओठांपर्यंत आलेलं. मी आधी टॉवेल ओढला. पाणी घुर्र करून उतरलं. मग त्या खोकल्या.

मी त्यांच्या अंगावर चादर टाकली. काका म्हणाले, "नीट झाक. शुद्धीवर आली की पहिलं तेच विचारेल."

मनगट मोडलंय. छातीत थोडं पाणी गेलंय. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर. वाक्य पूर्ण केलं नाही. मी ते पूर्ण करून बसले आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

काल कल्पिताताई आली. तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की आईचा पाय घसरला. ती कपडे घ्यायला घरी आली आणि दार बघितलं.

"बाबा, हे काय आहे?"

काका चपला काढत होते.

"घरात परकी मुलगी राहते आणि बाथरूमच्या दाराला एवढं भोक? कुणी पाडलं?"

काका चपलांकडे बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं त्यांना. ते बोलले असते तर आजार उघडा पडला असता, आणि काकूंना ते नको होतं. म्हणून मुलगी जे समजत होती ते त्यांनी समजू दिलं. मी ते बघत होते. महिनाभर माझ्यासमोरही त्यांनी हेच केलं होतं.

"मी पाडलं," मी म्हटलं.

"तू? का?"

काकांनी मान हलवली, अगदी थोडी. सांगू नकोस.

मी सांगितलं. फीट, कडी, मौन, बोटाएवढं भोक. ते कुणी केलं आणि कुणी बुजवलं. मोजमापं सांगितली नाहीत.

कल्पिताताई खुर्चीवर बसली. "आणि तू का बुजवलंस?"

"मला वाटलं ते बघायला केलंय."

"कुणी?"

मी काकांकडे बघितलं नाही. तिने बघितलं.

मग काका म्हणाले, "तुझी आई दार उघडं ठेवू देत नव्हती. मी काय करणार होतो?" हे ते तिला म्हणाले. मला काहीच म्हणाले नाहीत. पॅसेजमध्ये गेले आणि उरलेला भुसा गोळा करू लागले.

मी बॅग भरली आहे. कोपरीला, भावनाकडे जाणार आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

गेले नाही. काकूंनी हॉस्पिटलमधून निरोप पाठवला: "तिला म्हणावं, माझ्या डब्याचं झाकण तिच्या ऑफिसात राहिलंय. ते दिल्याशिवाय जायचं नाही." झाकण खरंच राहिलंय.

काका माझ्याशी बोलतात. भाजी कोणती आणू, गीझर लावला आहे. त्यांनी काकूंना ते सांगितलं आहे का, मी त्यांना काय म्हणाले ते, हे मला कळत नाही. विचारता येत नाही. त्यांच्या बोलण्यात मी एखादी रेघ शोधते, खुणेची. सवय जात नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

रजा घेतली. काकू काल घरी आल्या. आज पहिली आंघोळ.

कल्पिताताईला दोघांना वर्तकनगरला न्यायचं होतं. हॉस्पिटलमध्ये त्यावरून तीन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत इथे राहून बघायचं. गोळ्या काकांसमोर. दाराची कडी काढायची. आणि आंघोळीच्या वेळी बाहेर कुणीतरी. एकदा जरी काही लपवलं, तर घराला कुलूप.

कडी मी काढली. स्क्रूची भोकं तशीच ठेवली.

"बाहेर हे नकोत," काकू म्हणाल्या. "हे डोळा लावतात. ही बसू दे."

काका म्हणाले, "हिने बघितलंय मला डोळा लावताना." आणि पेपर उघडला. म्हणजे काकूंना माहीत आहे. दोघांनाही माहीत आहे आणि मला बसायला स्टूल दिलं आहे.

मी विचारलं, "आणि मौन?"

"मौन मोडलं. देवाला विचारलं, याच्या बदल्यात काय करू? काही बोलला नाही तो. म्हणून मीच ठरवलं." त्यांनी प्लास्टरच्या हातावर पिशवी बांधून घेतली. "मी आत पाढे म्हणणार. मोठ्याने. आवाज थांबला की दार ढकल. पण थांबल्याशिवाय ढकललंस तर बघ."

मोठ्या भोकावर त्यांनी स्वतः आतून टॉवेल टाकला. मी दाराला पाठ लावून बसले. आत तांब्या वाजला आणि बारापासून सुरुवात झाली, वर्गात म्हणावी तशी, खडखडीत. तेरा. चौदा. वरच्या मजल्यावर सुद्धा ऐकू गेलं असेल. मी मनात बरोबर म्हणत होते. पंधरा. सोळा.

"सतरा साते एकोणिसासे."

पाणी वाहत होतं.

काकांचा पेपर खाली आला. मी उठले. तळवा दारावर ठेवला. लाकूड ओलं आणि गार होतं. टॉवेलच्या कडेतून उजेड दिसत होता आणि मी तिकडे बघितलं नाही, मी फक्त ऐकत होते.

"सतरा आठे," काका हळूच म्हणाले, स्वतःशी. मग मोठ्याने, "हेमा, सतरा आठे?"

मी ढकललं. दार दोन बोटं सरकलं.

"छत्तिसासे," आतून आवाज आला. "डोळ्यात साबण गेलाय, दम धरा जरा. आणि दार लाव ते, गार वारा येतो."

मी दार लावून घेतलं.

"सतरा नव्वे?" काकूंनी विचारलं.

"त्रेपन्नासे," मी म्हटलं.

"तुला नाही विचारलं," काकू म्हणाल्या, आणि अठरा सुरू केले.